यादीखालचा आकडा

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नाही, फक्त एक टेबल आहे. तीस हात लांब, कमरेइतकं उंच, इतक्या वर्षांत कापड घासून घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. डोक्यावर ट्यूबलाइटच्या दोन रांगा, अशा लावलेल्या की टेबलावर कशाचीही सावली पडू नये. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे: बाही, पाठ, कॉलर, खिसा. जणू कुणीतरी पन्नास माणसं उसवून वेगवेगळी टांगून ठेवली आहेत. खालच्या मजल्यावरची शिलाईची मशिनं अजून मुकी आहेत. मग दाराशी चपला काढल्याचा आवाज होतो आणि आपला नायक प्रवेश करतो.

नायक म्हणावं असं अंगावर काही नाही. काटकुळा देह, गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू. पण टेबलाजवळ आला की हा माणूस एकदम दोन बोटं उंच होई. सगळे त्याला मास्तर म्हणत. कटिंग मास्तर. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, आणि ते उच्चारणारं कुणी आता उरलेलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणे, धाकटी बहीण ‘दादा’ म्हणे, बाकी जगाला तो मास्तर.

एकतीस वर्षं त्या टेबलाशी. बाहीच्या वळणात खिसा बसव, पाठीच्या कडेला कॉलर सरकव, असं करत तो कापडावर फर्मे मांडी तेव्हा दोन तुकड्यांमध्ये करंगळी शिरायची नाही. थोरले मालक होते तेव्हा ते संध्याकाळी मुद्दाम जिना चढून वर येत, चिंध्यांच्या टोपलीत डोकावत आणि म्हणत, “मास्तर, दया करा. असंच चाललं तर चिंधीवाला उपाशी मरेल.” मास्तर लाजून खडू शोधायला लागे. तो कानामागेच असे.

काय दिवस होते ते! एक तारखेला पाकीट. पाकिटावर शाईने लिहिलेलं नाव. वर्षातून एकदा सगळ्यांचा एकत्र फोटो, मालक मधोमध खुर्चीवर आणि खुर्चीमागे मास्तर, कारण तो हलत नसे. दुपारच्या सुट्टीत इस्त्रीवाले गोणपाट अंथरून पत्ते कुटत. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून डबा खाई. कुणी म्हटलं, “या की एक डाव,” तर म्हणे, “नशिबाच्या खांद्यावर बसून बाजाराला गेलेला माणूस घरी पायीच येतो. मी आधीपासूनच पायी चालतो.” इस्त्रीवाले हसत. तोही हसे.

धाकटीला त्यानेच कामाला लावलं. नवरा तिला आणि लहान पोरीला सोडून गेला, कुठे गेला तेही सांगून गेला नाही. मास्तरने तिला हाताला धरून आणलं, सातव्या रांगेतल्या मशिनवर बसवलं आणि सुपरवायझरला सांगितलं, “माझ्या शब्दावर घ्या. हात बसला नाही तर माझ्या पगारातून कापा.” कापायची वेळ आली नाही. दोन महिन्यांत ती अशी बाही जोडायला लागली की शिवण शोधावी लागे. तोंडाने फटकळ, हाताने सोनं. मास्तरच्या शेजारच्याच गल्लीत एका खोलीत ती आणि तिची पोरगी राहत.

मग थोरले मालक गेले आणि कारखाना विकला गेला. नवे मालक कोण, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. ऑर्डर कुठून दूरदूरहून येत, येता येता थांबत, थांबल्या थांबल्या रद्द होत. एका सोमवारी फाटकाशी लाकडी पाटी लागली. आता महिन्याचा पगार नाही. काम असेल तसं बोलावू. रोज संध्याकाळी पाच वाजता उद्या कोणी यायचं त्यांची यादी पाटीवर लागेल. सलग तीन दिवस नाव नसेल त्याने कार्ड फाटकावर जमा करावं.

यादीखाली एकूण नावांचा आकडा लाल शाईने लिहिलेला आणि भोवती गोल. पहिल्याच आठवड्यात एका काजेवाल्याने शेवटच्या नावाखाली पेन्सिलीने हळूच आपलं नाव घुसडलं होतं, तेव्हापासून ही खबरदारी.

यादी लावणारा सुपरवायझर जाड भिंगांचा होता. त्याला सगळे चष्मा म्हणत. तो वाईट नव्हता. त्यालाही रोज वरून फोन येई, आणि फोन वाजला की तो खुर्चीतून उभा राहून बोले.

यादीचा खेळ कसा सुरू झाला ते सांगतो. फाटकासमोर चहाची टपरी होती. टपरीवाला एकेकाळी याच कारखान्यात इस्त्रीला होता; वाफेने हात भाजला तेव्हा कारखान्याने त्याला तीन आठवड्यांची मजुरी आणि शुभेच्छा दिल्या. सगळे त्याला सरकार म्हणत, कारण तो उधार देत नसे आणि आश्वासनं भरपूर देई. एकदा पाच वाजायच्या आधी गर्दी जमली होती, सगळ्यांचे चेहरे परीक्षेच्या निकालासारखे, तेव्हा सरकार ओरडला, “आज किती नावं? जो बरोबर सांगेल त्याचा चहा माझ्याकडून!” लोक हसले. कुणी चाळीस म्हणालं, कुणी साठ. त्या दिवशी यादीकडे जाताना लोकांच्या पायांत थोडा जोर होता. आठवड्याभरात चहाच्या जागी पैसे आले. दुपारची सुट्टी संपायच्या आत आकडा सांगायचा, पैसे डब्यात टाकायचे. ज्याचा आकडा लागेल त्याचा गल्ला. दोघांचा लागला तर अर्धा अर्धा. कुणाचाच नाही लागला तर गल्ला उद्यावर. दहावा हिस्सा सरकारचा.

बघा, महिन्याचा पगार होता तेव्हा याच लोकांनी कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नव्हतं. पैसे जास्त होते तेव्हा खेळले नाहीत; कमी झाले तेव्हा खेळायला लागले. आणि प्रत्येकाची खेळायची तऱ्हा वेगळी. सातव्या रांगेतली एक म्हातारी रोज न चुकता सत्तर म्हणे. सत्तर नावं कधीच लागत नसत, पण ती म्हणे, “मी कमी आकडा बोलले आणि तेवढीच लागली, तर बाकीच्यांचा तळतळाट कोण घेणार?” पेन्सिलवाला काजेवाला उलटा. तो नेहमी वीस-पंचवीस धरी. “यादी छोटी असली की माझं नाव नसणारच. मग निदान गल्ला तरी मिळेल. दोन्हीकडून मार खाण्यापेक्षा एकीकडून.” धाकटी खेळत नसे. ती चहा घ्यायची आणि विचारायची, “सरकार, तुमच्या राज्यात चहाला चहाची चव कधी येणार?”

“पुढच्या निवडणुकीत, बाई.”

मास्तरही खेळत नसे. पण आकडा त्याच्या कानावर पडे आणि त्याचं डोकं आपोआप चाले. कारण खरं सांगायचं तर उद्या किती लोक लागणार हे या कारखान्यात फक्त एकाच माणसाला आज कळू शकत होतं. वर जेवढं कापलं जाई, त्याचेच गठ्ठे बांधून दुसऱ्या दिवशी खाली शिवायला जात. गठ्ठ्यामागे शिलाईची दोन माणसं. गठ्ठे मोजा, दुप्पट करा, इस्त्रीवाले आणि टेबलावरचे मिळवा. चष्मा संध्याकाळी हेच गणित कागदावर करी. मास्तर दुपारीच मनात करी, आणि पाच वाजता लाल आकडा बघून मनातल्या मनात मान डोलावी.

आठवडाभर त्याने नुसती मान डोलावली. सात दिवसांत सहा वेळा बरोबर! तिकडे घरी बायको विचारी, “या महिन्यात किती दिवस भरतील?” माहीत नाही. भाडं भरता येईल का? माहीत नाही. कारखाना पावसाळ्यापर्यंत चालेल का? माहीत नाही. एकतीस वर्षं ज्याला सगळं बोटभर अंतरापर्यंत माहीत होतं, त्याला आता जगातली एकच गोष्ट आधी माहीत असे. आठव्या दिवशी त्याने डब्यात पैसे टाकले.

“आता मेलो आपण!” काजेवाला ओरडला. “सरकार, मास्तरला खेळू देऊ नका. तो वरच्या मजल्यावरून बघून येतो.”

“डॉक्टरला आजारी पडायची बंदी आहे का?” सरकार म्हणाला. “पैसे आणले की माझ्यासाठी सगळे सारखे. बोला मास्तर.”

“शेहेचाळीस.”

संध्याकाळी शेहेचाळीस लागले. मास्तर घरी फळं घेऊन गेला. बायकोने पिशवी हातात घेतली, नवऱ्याकडे पाहिलं, परत पिशवीकडे पाहिलं. “काय हो, पगार वाढला की डोकं फिरलं?”

“दोन्ही,” तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी त्या खोलीत हसू ऐकू आलं.

महिनाभर तो जिंकत होता. लोक त्याचाच आकडा धरायला लागले तेव्हा हिस्से पडू लागले, म्हणून तो शेवटच्या मिनिटाला येऊन सरकारच्या कानात सांगू लागला. गल्ला वाढला तशी त्याची रक्कमही वाढली. एकदा त्याचा हिशेब चुकणार असं दिसलं: त्याने एक्कावन्न सांगितले होते आणि गठ्ठे दोन कमी पडत होते. दुपारनंतर मास्तरने पाणीसुद्धा प्यायलं नाही. कटर असा चालवला की दोन्ही मदतनीस मागे सरकले. दोन गठ्ठे जास्त निघाले. संध्याकाळी एक्कावन्न नावं. गल्ला त्याचा, आणि चार जास्त माणसांना काम. सत्तरवाली म्हातारी त्या चौघांत होती. तिने पाटीसमोर उभं राहून दोन्ही हात जोडले. मागे मास्तर उभा होता. त्याला वाटलं हे हात आपल्यालाच जोडलेत.

माणसाला पहिली चूक कधी चूक वाटत नाही. ती त्याला आपला मोठेपणा वाटते.

त्याच सुमारास त्याची एक सवय सुटली, आणि सुटली हे त्याला कळलंही नाही. पूर्वी तो पाटीसमोर उभा राहून यादी वरपासून खालपर्यंत वाची. कोण आहे, कोण नाही, कुणाच्या घरी उद्या चूल कशी पेटणार, सगळं बघे. कुणाचे दोन दिवस गेले असतील तर चष्म्याजवळ शब्द टाकी. आता त्याचं स्वतःचं नाव पहिलंच असे, टेबलावरच्या माणसाशिवाय कारखाना कसा चालणार! ते बघायचं. मग नजर सरळ खाली, लाल गोलात. मधला सगळा कागद त्याच्यासाठी कोरा झाला होता.

मग नशीब फिरलं म्हणू की चष्मा फिरला म्हणू? नव्या मालकांनी बाहेरून कापलेले गठ्ठे मागवायला सुरुवात केली. कधी चार येत, कधी एकही नाही, आणि किती येतील हे चष्म्यालाही टेम्पो उघडल्यावर कळे. मास्तरचं गणित कोसळलं. तो हरला. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण शहाणपणावरच तर तो खेळत होता, थांबणार कसा? “गणित बरोबर आहे, फक्त बाहेरचे गठ्ठे मध्ये आले,” असं तो स्वतःला सांगे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकी. बारा दिवसांत जिंकलेलं गेलं. मग स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा. त्यात भाड्याचे पैसे होते. मास्तरने डबा रिकामा करून तसाच फळीवर ठेवला, झाकण घट्ट लावून. बायको तो एक तारखेलाच उघडत असे. एक तारखेला पाच दिवस होते.

मंगळवारी दुपारी दोन ट्रक आले. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. कापडाचे रोल उतरताना फाटकाशी लोक टाळ्या वाजवत होते. मोठी ऑर्डर! संध्याकाळी त्या दिवसाची यादी लागली ती नेहमीचीच, चव्वेचाळीसची, पण लोकांना तिचं काही वाटलं नाही. ज्यांची नावं नव्हती तेही म्हणाले, उद्याची यादी बघा, उद्या सगळे आत.

मास्तर नेहमीप्रमाणे पाटीसमोर गेला. वरचं नाव, खालचा आकडा. दोनाने हरला. बाजूला धाकटी येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं होतं तिचं, पण त्याने तोंड पाहिलंच नाही.

“दादा, बघितलीस यादी?”

“बघितली.”

ती आणखी काही ऐकायला थांबली. तो टपरीकडे निघून गेला होता.

आता कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचा प्रवेश कळणार नाही. हे विणीचं कापड होतं, ताणलं की लांबणारं. रोलवर ते ताणून गुंडाळलेलं असतं. रोल उलगडून ते टेबलावर मोकळं सोडावं लागतं, म्हणजे हळूहळू आखडून ते आपल्या खऱ्या मापावर येतं. याला कापड बसणं म्हणतात. बसायच्या आत कापलं तर शर्ट पहिल्याच धुण्यात लहान पोराचा होतो आणि सगळा माल परत येतो. आणि कापड बसलं की नाही, हे दाखवणारं यंत्र त्या कारखान्यात नव्हतं. तिथे मास्तरचा तळहात होता. एकतीस वर्षांत त्या तळहाताने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

बुधवारी अकरा वाजता चष्मा जिना चढून वर आला. “काय मास्तर, बसलं का? लावायचा कटर?”

मास्तरने कापडावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कापड बसलेलं होतं. शांत, सैल, कापायला तयार. आता कटर लावला तर संध्याकाळपर्यंत पंचवीस गठ्ठे, कालचे उरलेले दहा. सत्तरवाल्या म्हातारीचासुद्धा आकडा ओलांडला जाईल. खाली टपरीवर सगळे साठ आणि सत्तरच बोलत होते. गल्ला कधी नव्हे इतका फुगला होता, कारण आशा असली की हात सैल सुटतो. आणि कटर नाही लावला तर? नव्या ऑर्डरमुळे बाहेरचे गठ्ठे बंद. उरले कालचे दहा. दहाला दोन म्हणजे वीस, एक इस्त्रीवाला, टेबलाशी स्वतः मास्तर.

त्याचा तळहात कापडावरच होता.

“नाही बसलं, साहेब,” तो म्हणाला. “आजचा दिवस पडू दे. उद्या लावू.”

चष्म्याने एक शब्द विचारला नाही. विचारायची पद्धतच नव्हती. “तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाला आणि खाली गेला.

दुपारची सुट्टी संपता संपता मास्तर टपरीवर आला. त्याने हातातलं जुनं घड्याळ काढून डब्यात टाकलं.

सरकारने डोळे बारीक केले. “घड्याळ? मास्तर, बरं आहे ना?”

“बावीस.”

“अहो, दोन ट्रक आलेत काल. ऐकलं नाहीत का?”

“सरकार, मी आकडा सांगितला. सल्ला मागितला नाही.”

पाच वाजता यादी लागली तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना. लोक कागद उलटून मागे बघत होते. सत्तरवाली म्हातारी म्हणाली, “अर्धीच लागलीये, बाकीची आणायला गेला असेल.” मग कुणीतरी मोठ्याने आकडा वाचला आणि टपरीवरून सरकार ओरडला, “बावीस! अख्खा गल्ला मास्तरचा! एकट्याचा!”

कुणी टाळी वाजवली नाही. काजेवाला, जो जन्मभर वीस-पंचवीस धरत आला होता, तो त्या दिवशी पहिल्यांदाच साठ बोलला होता. तो नुसता मास्तरकडे बघत राहिला.

मास्तरने पैसे मोजले नाहीत. खिशात कोंबले आणि वळला. फाटकाच्या खिडकीशी रांग होती. एकोणीस माणसं, हातात कार्डं. तिसरा दिवस झालेली. पहारेकरी एकेक कार्ड घेऊन लाकडी खोक्यात टाकत होता. रांगेत सातवी धाकटी होती.

“तू इथे काय करतेस?” मास्तरने विचारलं.

ती वळली. “कार्ड द्यायला उभी आहे.”

“कसलं कार्ड? तुझं नाव…”

“सोमवारीही नव्हतं. कालही नव्हतं.”

“मला सांगायचं नाही का गं?”

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता; राग यायला आधी गोष्ट कळावी लागते, आणि तिला ती आत्ता कळत होती. “तू रोज पाटीसमोर उभा असतोस, दादा. काल मी विचारलं, बघितलीस का. तू म्हणालास, बघितली. मला वाटलं, तुला माहीत आहे. वाटलं, आज मोठी यादी लागणार म्हणून तू निश्चिंत आहेस. म्हणून मीही निश्चिंत राहिले.”

तिची पाळी आली. कार्ड खोक्यात पडलं. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

ती दोघं चालत निघाली. अजून उजेड होता, गल्लीत पोरं चेंडू खेळत होती. मास्तरने खिशातले पैसे काढून तिच्यापुढे धरले. “हे घे. मुलीच्या शाळेला होतील.”

“बावीस,” ती म्हणाली. “म्हणजे बाकीचे आम्ही. आमच्यावर जिंकलास ना हे?” आणि मग, पैशाला हात न लावता, “तुला बावीस कळलं कसं? दोन ट्रक कापड आलंय.”

माणूस खोटं एका जागी बोलला की दुसऱ्या जागी त्याला खऱ्याची भूक लागते. मास्तरने भर रस्त्यात तिला सगळं सांगितलं. डबा, घड्याळ, तळहात. “बसलं होतं कापड. सकाळीच बसलं होतं.”

तिच्या तोंडातून एकही टोमणा निघाला नाही, यालाच तो जास्त घाबरला.

“कार्डं वर कधी जातात?” तिने विचारलं.

“उद्या नऊला.”

“मग उद्या साडेआठला साहेबांना सांग. जे मला सांगितलंस तेच.”

“सांगतो.”

“माझी शपथ वगैरे घालत नाही. तू सांगतो म्हणालास, तेवढं पुरे.”

शेवटचा प्रवेश. चष्म्याची केबिन. टेबलपंखा, फोन, आणि काचेखाली कधीकाळचा तो एकत्र फोटो. मालक मधोमध, मागे न हललेला मास्तर. टेबलावर एकोणीस कार्डांचा गठ्ठा, रबराने बांधलेला. दार अर्धं उघडं आणि दाराबाहेर धाकटी, कडीला धरून. पावणेनऊ झाले होते.

“बोला मास्तर,” चष्मा म्हणाला. “कटर लावलात ना? लोक मिळाले की आज दुप्पट काढू.”

“साहेब, कालचं जरा बोलायचं होतं. कापडाचं.”

“काय त्याचं?”

“ही कार्डं… काल काम लागलं असतं तर ही माणसं आत असती.”

“असती.” चष्म्याने गठ्ठ्यावर हात ठेवला. “मलाही बरं वाटत नाही. पण नियम सरळ आहे. माल तयार नव्हता म्हणून दिवस गेला, तर तो दिवस धरायचा. कार्डं वर जाणार.”

“आणि माल तयार असला तर?”

चष्म्याने चष्मा काढला. त्याचे डोळे त्यावाचून फार लहान आणि थकलेले होते. त्याने एकदा अर्ध्या दाराकडे पाहिलं, तिथे साडीचा काठ दिसत होता. मग तो हळू आवाजात बोलला. “तर दिवस धरता येणार नाही. मी हे रबर सोडीन आणि एकोणीसच्या एकोणीस जणांना आत्ता आत बोलावीन. पण मग कालचा दिवस कुणामुळे गेला, ते मला वर लिहावं लागेल. आणि ज्याच्यामुळे गेला तो उद्यापासून टेबलावर नसेल. तुम्हाला मी एकतीस वर्षांचे म्हणून आधी सांगतोय. नाहीतर कुणी सांगत नाही.”

मास्तरने गठ्ठ्याकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी, नको नको म्हणताना, त्याचं डोकं चालायला लागलं. टेबल गेलं तर दोन्ही घरं गेली. टेबल राहिलं तर एक घर नक्की आणि दुसऱ्याला थोडंफार. धाकटीला पुन्हा कुठेतरी लावता येईल. बाही जोडणारे हात लागतातच. आपल्याला या वयात कोण लावणार? तिचं कार्ड परत येण्याची शक्यता किती, आपलं टेबल परत मिळण्याची किती? बाकीची अठरा कार्डं त्याने गणितात धरलीच नाहीत. एकाला एक, असा साधा हिशेब होता, आणि त्याला तो नेहमीसारखाच बरोबर वाटला.

बाहेर कडी किंचित वाजली. तिने हात बदलला असेल.

“मास्तर, नऊ वाजत आलेत,” चष्मा म्हणाला. “एकच विचारतो. काल सकाळी कापड बसलं होतं की नव्हतं?”

मास्तरचा उजवा तळहात त्याच्याच मांडीवर होता. त्याने तो उचलून पाठीमागे नेला.

“नव्हतं बसलं, साहेब.”